भट्टीतली पाटली

आमची आई माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा आली ती भट्टीवर पहारा ठेवायला. हातात वातींचा कापूस, कनवटीला किल्ली आणि चेहऱ्यावर असा भाव, की इथं सगळे चोर आहेत, पण मी कुणाला तोंडावर तसं म्हणणार नाही. मी शरमेनं अर्धी झाले. एम.एस्सी.च्या वर्गात मुलगी म्हणून मी एकटी. आधीच सगळ्यांचे डोळे माझ्यावर, आणि त्यात ही माउली स्टूल ओढून भट्टीसमोर ठाण मांडून बसली. आज इंदुरातल्या सुदामा नगरच्या घरात हे लिहिताना हसू येतंय. तेव्हा मात्र तिचा असा राग आला होता की विचारू नका.

संस्थान जाऊन मध्यभारत झालं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. उन्हाळ्यात राजधानी इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. थंडी पडायला लागली की कचेऱ्या फायलींच्या पेट्या बांधून निघायच्या आणि कचेरीत कारकून असलेले आमचे वडीलही त्या पेट्यांच्या मागोमाग. मग घरात मी आणि आई, दोघीच. एरवी आई घराबाहेर पडायची ती भाजीला नाही तर देवळात. पण हिवाळ्यात ‘कुठं चाललीस’ म्हणून विचारणारं कुणी नसायचं.

आता आमचे सर. रसायनाचे प्राध्यापक, चाळिशी उलटलेले, एकटे राहणारे. कोटाच्या दोन्ही खिशांत कायम दगड. त्यामुळं कोट पुढून लोंबायचा आणि पोरं मागून हसायची. सरांना त्याचं काही नव्हतं. त्यांना एकाच गोष्टीनं पछाडलं होतं: जमिनीच्या पोटात धातू असे जागोजाग गोळा का होतात? तांबं इथं, शिसं तिथं, सोनं आणखी भलतीकडंच. सगळीकडे सारखं पसरून का नाही राहत? सर म्हणायचे, हे सगळं पाण्याचं काम आहे. खूप खोल गेलं की पाणी इतकं तापलेलं असतं की त्याला उकळायचं असतं, पण वरून दाब एवढा की त्याला उकळताच येत नाही. ते तसंच कोंडलेलं, तापलेलं पाणी खडकाच्या भेगांतून वाट काढत जातं, आणि जाता जाता दगडातले धातू बरोबर घेतं. पण सगळे नाही हं. काही दगडातच राहतात, काही पाण्याबरोबर निघतात.

“वाटणी आहे ही,” सर म्हणायचे. “दगड आणि पाणी, हे दोघे भाऊ समजा. कुठला धातू कुणाच्या वाट्याला किती येणार, हे कशावर ठरतं? पाण्यात मीठ किती, खार किती, ताप किती? मला ते डोळ्यांनी बघायचंय.”

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला होता. आपण जिच्यावर उभे आहोत ती जमीन खाली कुठंतरी शिजतेय, आणि तिथं कुणी पंच नाही, कज्जा नाही, अशा वाटण्या चालल्या आहेत! त्या दिवशी घरी जाताना मी सारखी खालीच बघत चालले होते. एका टांगेवाल्यानं ओरडून शिव्यासुद्धा घातल्या.

डोळ्यांनी बघायचं म्हणजे ते पाताळातलं पाणी वर, आमच्या टेबलावर तयार करायचं. सरांनी पोलोग्राउंडच्या बाजूला एका वर्कशॉपात जाड पोलादाचा एक डबा खरादावर, म्हणजे लेथवर, करवून घेतला. मनगटाएवढं त्याचं दल, आणि झाकणाला आटे. “सर, ये तोप का गोला बना रिये हो क्या?” असं तिथले एक भिया विचारायचे, आणि सर गंभीरपणे “उससे भी खतरनाक” म्हणायचे. डबा झाला, छान झाला. पण पोलाद स्वतःच त्या तापलेल्या पाण्यात उतरणार आणि सगळं गणित बिघडवणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. आत आणखी एक नळी हवी होती, ज्याला कसलंही पाणी काही करू शकणार नाही अशा धातूची.

“म्हणजे सोनं,” सर म्हणाले. कॉलेज काय सोनं देणार! सरांकडं सोनेरी म्हणावं असं एकच होतं, चष्म्याची काडी. तीही मुलाम्याची.

घरी आल्यावर मी हे आईला जेवताना सांगितलं, नुसतं गंमत म्हणून. “डबा तयार आहे आणि सोन्यावाचून अडलंय,” असं म्हणून मी हसले. आई ताक वाढत होती. ती हसली नाही. जेवण झाल्यावर तिनं कपाटातला डबा काढला आणि त्यातून एक पाटली काढून माझ्यासमोर ठेवली.

त्या पाटल्यांविषयी सांगायला हवं. ती जोडी आईच्या आईची. आजी गेली तेव्हा आई इतकी लहान होती की तिला आपल्या आईचा चेहरा आठवत नव्हता. फोटो कुठला असायला! आठवत होते ते वेणी घालणारे दोन हात आणि त्या हातांत एकमेकींना न लागणाऱ्या दोन पाटल्या. एवढीच काय ती आई तिच्यापाशी उरलेली. जोडीतली एक सांध्यापाशी चिरली होती, म्हणून डब्यात पडून होती. दुसरी हातात. चिरलेली कधी तरी आटवून पुन्हा घडवून घ्यायचीच होती.

“आटवायचीच आहे तर मधे तुझ्या सरांकडं जाऊन येऊ दे,” आई म्हणाली. “पण एक सांगून ठेवते. सोनं तेच परत यायला हवं. तेवढ्या वजनाचं दुसरं मला नको. माझ्या आईचं तेच, सगळंच्या सगळं. एक कणसुद्धा कमी चालणार नाही. सरांना विचार, चालेल का ते.”

मी विचारलं. सर खुर्चीतून उभेच राहिले. “वहिनींना सांगा, मी शब्द देतो. सोन्याला काही होत नाही. म्हणून तर ते हवंय!” आता हे म्हणण्यात सरांची काय चूक? सगळं जग तेच म्हणत आलंय.

आमच्याकडच्या बायकांचा एक रिवाज होता. दागिना मोडायचा तर घरातली बाई सोनारासमोर जाऊन बसणार. तोलून देणार, आटेपर्यंत बघणार, तोलून घेणार. सोनं विस्तवात आहे तोवर पाणी प्यायलासुद्धा उठायचं नाही, कुणी हाक मारली तरी मान वळवायची नाही. सोनारांनाही त्यात काही वाटत नसे. उलट बाई बसली नाही तर ते विचारायचे, “क्यों बाईजी, आज जल्दी है?” सराफ्यात आम्ही तिघं गेलो, आणि आई त्या दुकानाच्या गादीवर जी बसली ती बसली. दागिन्याच्या सोन्यात घट्टपणासाठी तांबं असतंच, आणि सरांना तर तांब्याचाच हिशोब करायचा होता. म्हणून सोनारानं आधी सोनं शुद्ध केलं, मग पुन्हा तोललं. तो आकडा आईनं मनात पक्का केला. मग त्यानं पत्रा काढला, नळी वळवली, आणि सांध्याला दुसऱ्या धातूचा डाग न लावता नुसत्या आचेनं कडा जुळवल्या.

आत काय भरायचं ते सर घेऊनच आले होते. तांब्याच्या खनिजाची भरड, पितळेसारखी पिवळी चमकणारी. दुसऱ्या टोकाला पांढऱ्या गारगोटीचा एक तुकडा, आणि मीठ नि सोडा घातलेलं पाणी.

“मीठ नि खार?” आई म्हणाली. “पापड करताय की काय?”

सर हसले. त्यांनी नळी ओल्या फडक्यात गुंडाळून धरली, आणि सोनारानं फुंकणीच्या एका झटक्यात तिचं तोंड बंद केलं. मग तो नळी हातात घेऊन कानाशी हलवून बघायला लागला. आत पाणी खळखळत होतं. “अपन ने तो जिंदगी में ऐसा गहना नी बनाया,” तो म्हणाला. “सोने के अंदर नमक का पानी! पहनेगा कौन इसको?”

“बरंय वहिनी,” सर म्हणाले, “आता आम्ही हे घेऊन जातो.”

“कुठं?”

“भट्टीत ठेवायला.”

“मग मीही येते,” आई उठली. तिच्या लेखी यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. सोनं अजून विस्तवातून सुटलेलं नाही, मग आपण घरी कशा जाणार?

मी रस्त्यात तिला हरप्रकारे सांगून बघितलं. कॉलेज आहे ते, दुकान नाही. भट्टी काही तासांची नाही, आठवडाभर जळणार आहे. लोक काय म्हणतील? “लोकांचं सोनं आहे का त्यात?” एवढंच ती म्हणाली. सर मध्ये पडले नाहीत. पडून उपयोगही नव्हता, हे त्यांनी एका भेटीत ओळखलं होतं.

तर अशी ती आली. भट्टी मागच्या लहान खोलीत होती. डबा फुटलाच तर म्हणून तिच्या तिन्ही बाजूंनी वाळूची पोती रचलेली. आईनं खोली बघितली, पोती बघितली, खिडकीचे गज हलवून बघितले, आणि पिशवीतून आमच्या घरचं कुलूप काढलं. संध्याकाळी निघताना खोलीला ते कुलूप लागायचं आणि किल्ली आईच्या कनवटीला जायची. रात्री चौकीदार काचेतून भट्टीचा काटा बघायचा, बस्स. सकाळी सर दारात हात बांधून उभे असायचे, आणि आई पूजा आटोपून सावकाश यायची. पोरं दबक्या आवाजात म्हणायची, “चलो, चाबी आ गई.” मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे.

पण आठवड्याच्या मध्यावर काही तरी बदललं. आई वाती वळत बसली होती, आणि सर भट्टीचा ताप बघायला आत आले. तिनं विचारलं, “सर, आत चाललंय तरी काय हो? नुसतं तापतंय?”

सरांनी सांगितलं. ते पाणी आता कुठल्याही चुलीवरच्या पाण्याहून कितीतरी गरम आहे. पण डब्यात कोंडलंय, म्हणून उकळू शकत नाही. ते दगडाला झोंबत असणार, त्यातला धातू सोडवून घेत असणार. आई वात वळायची थांबली.

“म्हणजे कळकतंय म्हणा की,” ती म्हणाली.

सर तिच्याकडं बघतच राहिले. प्रत्येक घरात रोज वापरला जाणारा तो शब्द! कल्हई उडालेल्या पातेल्यात चिंचेची आमटी राहिली की पितळेचा अंश तिच्यात उतरतो, चव बिघडते, जीभ धरते. आमटी कळकली, ओतून द्या. इतकी पुस्तकं वाचून आम्हा दोघांना तो शब्द सुचला नव्हता. सर एवढे खूश झाले की तिथंच वाळूच्या पोत्यावर बसले. “कळकणं! अहो वहिनी, तेच! दगड पाण्यात किती कळकतो, कुठला धातू जास्त कळकतो, हेच तर मला मोजायचंय.”

“तांबं कळकणार,” आई ठामपणे म्हणाली. “ते तर नुसतं ताक ठेवलं तरी कळकतं. सोनं नाही कळकायचं. म्हणून तर राजेलोक सोन्याच्या ताटात जेवायचे.”

“अगदी बरोबर,” सर म्हणाले. मीही मान डोलावली. तिघांचं एकमत झालं.

त्यानंतर आई भट्टीकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागली, असं मला वाटायचं. पहारा होताच, पण मधेच ती कान देऊन ऐकल्यासारखं करायची. एकदा म्हणाली, “काही आवाज नाही बघ. एवढा ताप, एवढी कोंडी, आणि मुकाट्यानं सगळं चाललंय.” मला तेव्हा पहिल्यांदा तिचा राग आला नाही. मीसुद्धा तिच्या शेजारी थोडा वेळ उभी राहून ऐकलं. खरंच काही ऐकू येत नव्हतं.

भट्टी बंद केली, डबा आपोआप निवू दिला. मग सकाळी आईनं कुलूप काढलं आणि सरांनी मोठा पाना लावून झाकण फिरवलं. सोन्याची नळी बाहेर आली ती दाबानं चेपून चुरगळलेली. आईच्या तोंडून “अगं आई गं” निघालं.

“वहिनी, आकार गेला, सोनं आहे तसंच आहे,” सर घाईनं म्हणाले.

आईनं टेबलावर कोरा कागद पसरला. सोनारसुद्धा कीस असाच कागदावर झेलतात. सरांनी बारीक करवतीनं नळीचं टोक कापलं, आणि असा वास सुटला की काय सांगू, नासक्या अंड्यांचा. आईनं नाकाला पदर लावला पण कागद सोडला नाही. पाणी चंचुपात्रात ओतलं. नितळ. सरांनी त्यातलं थोडं वेगळं घेऊन त्यात अमोनिया घातला. तांबं असेल तर निळं होणार. आम्ही तिघं वाकून बघत होतो. निळं झालं नाही. पुन्हा केलं, तरी नाही. उजेडासमोर धरलं तर शंका यावी इतपतच.

“तांबं हललंच नाही,” सर म्हणाले आणि स्टुलावर बसले. “सगळं दगडाच्याच वाट्याला.” त्यांचा आवाज पार उतरला होता. मग आपल्यालाच समजावल्यासारखं म्हणाले, “हेही उत्तरच आहे म्हणा.” मला तर रडूच यायला लागलं. एवढा डबा, एवढी पोती, हा सगळा तमाशा, आणि निघालं काय, तर काही नाही.

“झालं का तुमचं?” आई म्हणाली. “आता माझं सोनं तोला.”

खरं सांगते, आम्हा दोघांनाही ते सुचलं नसतं. आम्हाला पाणी हवं होतं, खनिज हवं होतं. नळी म्हणजे आमच्या लेखी नुसतं भांडं. पण तोलून दिलं ते तोलून घ्यायचं, हा तिचा रिवाज. काचेच्या पेटीतला नाजूक काटा होता आमच्याकडं. भट्टीत घालायच्या आधीही आईच्या हट्टापायी नळी त्यावर तोलून झाली होती, सगळ्या ऐवजासकट. तिच्या पोटात काय नि किती घातलंय तेही मांडून ठेवलेलं होतं. सरांनी नळी धुतली, वाळवली, पारड्यात ठेवली. कागदावरचा कीसही ठेवला.

कमी भरलं.

सरांनी काटा पुसून पुन्हा तोललं. कमीच. कितीसं? खसखशीच्या दाण्याएवढं. डबा झटकला, कागद झटकला, करवतीचे दात तपासले. कमी ते कमीच.

“कुठं गेलं?” आई म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“अगं आई, खसखशीएवढं आहे ते!” मी भडकलेच. “सरांचा सगळा प्रयोग पाण्यात गेला आणि तू खसखस मोजत बसलीयेस!”

“खसखशीएवढं असो की नारळाएवढं,” ती म्हणाली, “माझ्या आईचं आहे. शब्द दिलाय मला.” आणि तिचे डोळे भरून आले.

सर मात्र आमच्याकडं बघतच नव्हते. ते काट्याकडं बघत होते. “थांबा,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. “थांबा. कागदावर नाही, डब्यात नाही. मग ते पाण्यानंच नेलं असणार. आणि पाण्यानं नेलं असेल, तर पाणी जिथं थोडं कमी तापलं तिथं ते कुठं तरी ठेवलं पण असणार.” त्यांनी भट्टीच्या दाराकडच्या, म्हणजे जरा गार राहणाऱ्या टोकात असलेला तो गारगोटीचा तुकडा चिमट्यानं उचलला. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि डोळा लावला.

मग ते उठले आणि त्यांनी स्टूल दिलं ते आईला. मला नाही, आईला!

आईला कसं बघायचं ते कळेना. आधी दोन्ही डोळे लावले, मग एक मिटला, तर दुसराही मिटला. सरांनी स्क्रू थोडा फिरवला. “अगं बाई!” आई एकदम म्हणाली.

शेवटी माझी पाळी आली. ते काय होतं, कसं सांगू? दुधासारखा पांढरा दगड, त्यावर सोनं. घासून लागलेलं नाही, सांडलेलं नाही. चक्क उगवलेलं. बारीक तीनकोनी पानं, सरळ धारेची, एकातून दुसरं फुटलेलं, आणि प्रत्येक पान आरशासारखं लखलखतंय. कुणा सोनाराचा हात त्याला लागला नव्हता. आम्ही बाहेर वाती वळत होतो, भांडत होतो, लाजत होतो, आणि आत त्या काळोखात, त्या कोंडलेल्या पाण्यात हे चाललं होतं! जे कळकतं म्हणून आम्ही भांड्यांना कल्हई लावायचो, ते तांबं दगडाला धरून बसलं. आणि ज्याला काही म्हणजे काही होत नाही असं सगळं जग म्हणतं, ते सोनं चुपचाप पाण्याबरोबर निघालं आणि पलीकडं जाऊन फुललं. मी टेबल धरलं.

“सोनंसुद्धा कळकलं,” आई हळूच म्हणाली.

“खनिजातला गंधक,” सर म्हणाले. “तोच तो वास. गंधक आणि सोडा असलेलं पाणी सोन्याला आवडलं, आणि तांब्याला नाही.” ते खोलीत फेऱ्या घालायला लागले होते. “पण एकदा झालेलं कुणी मानत नाही. हे पुन्हा करायला हवं. लांब नळी हवी. एक टोक भट्टीत, एक पार बाहेरच्या अंगाला. म्हणजे पाणी इकडून सोनं घेईल आणि तिकडं नेऊन ठेवेल. दुप्पट सोनं लागेल, पण—”

तेवढ्यात त्यांचं लक्ष आईकडं गेलं आणि ते थांबले. ते कपाटाकडं गेले, आम्लांच्या दोन बाटल्या घेऊन आले आणि चंचुपात्रात एकत्र ओतल्या. पिवळा धूर निघायला लागला.

“वहिनी, शब्द दिलाय मी,” ते म्हणाले. “हा दगड यात टाकला की त्यावरचं सोनं विरघळून सुटेल. मग ते गोळा करून तुमच्या हातात देतो. कण न कण.”

“सर, नका!” मी किंचाळलेच. मला आईचा इतका संताप आला होता की तिच्याकडं बघवेना. सरांनी आयुष्यभर हेच बघायचं म्हणून दगड खिशात घेऊन हिंडावं, ते एकदा दिसावं, आणि आपल्याच हातानं त्यांनी ते धुऊन टाकावं? पण सर ऐकत नव्हते. त्यांनी चिमट्यात तुकडा धरला होता.

“थांबा जरा,” आई म्हणाली. “मला आणखी एकदा बघू द्या.”

यावेळी तिला कुणी शिकवावं लागलं नाही. ती बघत राहिली. कॉलेजची घंटा झाली, व्हरांड्यात पोरांचा गलका झाला आणि विरला, तरी ती बघतच होती. मग डोळा न काढताच तिनं विचारलं, “सर, जमिनीत असंच होतं? कुणी बघायला नसताना?”

“असंच. कुणीही नसताना.”

“माझ्या आईच्या पाटल्यांचं सोनंही असंच आलं असेल?”

“आलं असेल,” सर म्हणाले. “असंच कुठल्या तरी पांढऱ्या दगडावर.”

“तिनं हे पाहिलंच नाही,” आई म्हणाली. “हातात घालून जन्म काढला, पण हे नाही पाहिलं तिनं.” तिनं मान वर केली. गालांवर पाणी ओघळलं होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. “लांब नळीला अजून किती सोनं लागेल म्हणालात?”

“आहे तेवढंच अजून. पण वहिनी, तो विषय नको.”

आई उठून नळापाशी गेली आणि हातातली पाटली ओढायला लागली. लग्नापासून ती कधी निघाली नव्हती. हाडाशी येऊन अडली. “साबण आण गं,” ती मला म्हणाली. मी जागची हलेना. “अगं आण की! ऐकू येत नाही का?” मी साबण आणला. तिच्या मनगटाला लावला, पाटली फिरवत फिरवत खाली आणली, आणि पुन्हा थबकले. “ओढ,” ती म्हणाली, “मला काही होत नाही.” मी डोळे मिटून ओढली. पाटली निघाली, आणि तिच्या हातावर पाटलीच्या जागी एक गोरापान पट्टा तेवढा राहिला. सर खिडकीकडं तोंड करून उभे होते.

“वहिनी, पुन्हा कमी भरलं तर?” ते तसेच म्हणाले.

“भरेल. भरू द्या. ते कुठं जातं ते आता मला ठाऊक आहे.” तिनं पाटली पुसली आणि स्वतः नेऊन काचेच्या पेटीतल्या पारड्यात ठेवली. “दगडावरचं दगडावरच राहू द्या. आणि ते आम्ल आधी ओता बघू, डोकं उठलंय त्या वासानं.”

सरांनी आम्ल मोरीत ओतून दिलं.

“पण फुकट देत नाहीये मी,” आई म्हणाली. “स्टुलावर बसून पहारा करणं संपलं. सोनं का गेलं आणि तांबं का राहिलं, ते मला पहिल्यापासून कळायला हवं. चौथीतून काढलं होतं मला शाळेतून. तिथून धरा.”

सर आम्हाला घेऊन शेजारच्या वर्गात गेले आणि कोटाच्या बाहीनंच फळा पुसला. आई पहिल्या बाकावर जाऊन बसली, पदर सारखा केला, ओले हात मांडीवर ठेवले. मी तिच्या शेजारी बसले तर तिनं मला कोपरानं ढकललं.

“तू सरक तिकडं,” ती म्हणाली. “मला फळा दिसत नाहीये.”